शिरोळकरबाईंच्या गाडीची पिन

“त्या माणसाला सांग, माझा चौदाचा पाना परत रेघेच्या पलीकडं गेलाय.”

आबा हे मला म्हणाले. ‘तो माणूस’ म्हणजे दस्तगीरमामा. ते आबांपासून हातभर अंतरावर उभे होते आणि पाना त्यांच्या हातातच होता.

“मामा, आबा म्हणत्यात—”

“ऐकलं. त्या माणसाला सांग, पान्याला पाय न्हाईत. त्यानंच हितं टाकला आसंल.”

“आबा, मामा म्हणत्यात—”

“मी काय बहिरा हाय?”

मग मी मामांच्या हातातला पाना घेऊन आबांच्या हातात दिला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा गॅरेजं पुष्कळ होती, पण स्वतःचं टपालखातं असलेलं आमचं एकच. आणि ते खातं मी एकटी चालवत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हिंदुराव पोवार, म्हणजे माझे वडील, आणि दस्तगीर शिकलगार ही जोडी मी जन्मायच्या आधीपासूनची. आबांचा हात इंजिनात, मामांचा लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. माझी आई मामांना राखी बांधायची, म्हणून ते माझे मामा. या दोघांत भांडण लागलं ते फुटबॉलवरून. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, कोल्हापूरचा माणूस हसत नाही, तो लगेच विचारतो, “मग, होतं का ऑफसाइड?”

पेठांची फायनल होती. आबा लाइनमन होते. सामना संपता संपता मामांच्या भाच्यानं गोल मारला आणि आबांनी निशाण वर केलं. मामांची पेठ हरली. त्या संध्याकाळी दोघं मैदानातून वेगवेगळ्या वाटांनी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शेडच्या मधोमध पिवळ्या ऑइलपेंटची रेघ उमटली. ती आबांनी मारली. रेघ जरा फिकी वाटली म्हणून मामांनी तिच्यावर दुसरा हात दिला. तेवढं एक काम त्यांनी मिळून केलं, त्यानंतर अबोला.

आधी वाटलं, चार दिवसांत निवळेल. पावसाळा गेला, दिवाळी गेली, दोघंही आपापल्या जागी ताठ. शेवटी रेघेवर भिंत घालायचं ठरलं, आणि तेही माझ्यामार्फतच ठरलं. विटा दाराशी येऊन पडल्या. वाटणीत कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगचा सेट आबांना, लेथ मामांना. लेथ सिमेंटात रोवलेली होती, ती काही हलणार नव्हती. हलणार होते मी. शाळा सुटल्यावर मामांनीच मला त्या लेथवर उभं केलं होतं आणि तिच्यावर माझा जीव होता. भिंत झाली की आबा मला पलीकडं पाऊल टाकू देणार नव्हते. “टायपिंगला जा,” असं म्हणूनही झालं होतं. मला रडू यायचं, पण रडायला रेघेच्या कुठल्या बाजूला बसावं तेच कळत नव्हतं.

पाना परत गेला त्याच दिवशी दुपारी तुकाराम गवंडी ओळंबा घेऊन यायचे होते. आणि सकाळीच शिरोळकरबाईंची गाडी आली.

बाईंचे यजमान साखर कारखान्यात मोठे इंजिनियर होते. ते गेले आणि मागे त्यांची लाल, विलायती, दोनच माणसांची उघडी गाडी राहिली. बाई सत्तरीच्या पुढच्या. गाडी विकायची सोडून त्या ती शिकल्या. पदर कमरेला खोचून, डोळ्यांवर काळा गॉगल लावून त्या राजारामपुरीतून निघाल्या की पानपट्टीवरची माणसं हातातलं पान तोंडात घालायची विसरत.

त्या आल्या त्या थेट शेडमध्येच घुसल्या. खाली उतरून काम करायचा खड्डा आमच्याकडे एकच होता, आणि तोही नेमका रेघेखाली; भिंतीच्या आधी तो बुजवायचा होता. बाईंनी गाडी त्या खड्ड्यावर अशी आणून उभी केली की अर्धी आबांच्या हद्दीत आणि अर्धी मामांच्या. मग इंजिन बंद केलं, गॉगल कपाळावर सरकवला आणि तक्रार सुरू केली.

“तिसरा गिअर मागितला की पहिला देते. पहिला मागितला की काहीच देत नाही. घरापासून दुसऱ्यावर आले. पोवार, बघा जरा.”

“बघतो की. शैले, गाडी ह्या बाजूला ढकलून घिऊ.”

“त्याच्या बाजूला ने तर म्हणावं, मग कळंल,” मामा मला म्हणाले. “बाई पहिल्यापासनं माझं गिऱ्हाईक हाईत.”

“गाडी कुठंही जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “मागच्या खेपेला हा सांधा तुम्ही दोघांनी मिळून बसवला होता. आता दोघांनी मिळून काढा. मी इथं बसते.”

आणि खरंच त्या माझ्या स्टुलावर, बरोबर पिवळ्या रेघेवर, ठाण मांडून बसल्या.

गाडीत प्रकार असा होता. गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जाते. दोघांचा सांधा होतो तिथं एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, असतो. तो झिजला की दांडा सांगतो एक आणि गिअरबॉक्स ऐकतो भलतंच. बुश बदलायचा तर सांधा सोडवायला हवा, आणि सांध्यात एक पिन ठोकलेली असते, पाचरीसारखी, एका तोंडाला जाड आणि दुसऱ्या तोंडाला बारीक. बारीक तोंडावर मारलं तर निघते. जाड तोंडावर मारलं तर आणखी रुतते. एवढंच शास्त्र. आता जाड तोंड कुठल्या बाजूला, एवढं कळलं की झालं.

आबा सीट काढून गाडीत मांडी घालून बसले. मधला पत्रा उचलला आणि वाकून सांध्याकडं पाहिलं. मामा खड्ड्यात उतरले. दोघांच्या मधे गाडी, आणि गाडीच्या बाजूला खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसलेली मी.

“त्या माणसाला सांग,” आबा वरून म्हणाले, “पिन मी सोत्ता वरनं ठोकली हुती. जाड तोंड वर हाय. तवा खालनं मार म्हणावं.”

“मामा, खालनं—”

“त्याला सांग, मी खालच्या तोंडावर अंगठा ठिवलाय आन् जाड तोंड खाली हाय. वरनं मार म्हणावं.”

“आबा, वरनं—”

“मी ठोकल्याली पिन मला म्हाईत न्हाई व्हय? त्याच्या अंगठ्याला काय डोळं हाईत?”

“मामा, तुमच्या अंगठ्याला—”

“हे नगं सांगू,” आबा घाईघाईनं म्हणाले.

“सांगितलं तरी चालंल,” मामा खालून म्हणाले. “अंगठ्याला डोळं नसत्यात, पण अक्कल आसती. काही जणांच्या डोस्क्यात सुदीक नसती.”

अर्धी सकाळ यातच गेली. दोघांच्या तडाख्यात माझं मधल्यामध्ये भरीत होत होतं. बाई मात्र थर्मासमधला चहा पीत अगदी नाटकाला बसल्यासारख्या बसल्या होत्या. शेवटी आबा उतरले, मामा खड्ड्यातून बाहेर येईपर्यंत तोंड फिरवून थांबले आणि मग स्वतः खड्ड्यात शिरून त्यांनी पिनीवर खालून दणके हाणले. पिन तसूभरही हलली नाही. उलट आणखी गच्च झाली असणार, पण हे त्या वेळी कोण बोलणार! पेटत्या बत्तीनं सांधा तापवावा तर शेजारून पेट्रोलची नळी गेलेली. रॉकेल सोडून झालं, ब्रेक ऑइल सोडून झालं. घामाघूम होऊन आबा वर आले.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही,” बाई चहाच्या कपाकडं बघत म्हणाल्या. त्या पिनीविषयी बोलत होत्या की आबांविषयी, ते मी विचारलं नाही.

“ठीक हाय,” आबा म्हणाले. “त्या माणसाचं खरं मानून वरनं मारून दाखवतो. न्हाई निघाली तर त्यानं तोंड बंद ठिवायचं म्हणावं.”

“तसं त्यांचं बंदच हाय की,” मी म्हणाले. आबांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं.

वरून मारायचं तर खालून आधार हवा, नाहीतर सगळी सळईच नाचते. मामांनी लेथच्या कोपऱ्यातून पाइपचा जाडसर तुकडा घेतला आणि खड्ड्यात उतरून तो सांध्याला खालून टेकवला, म्हणजे पिन सुटली की पाइपच्या पोकळीत उतरेल. पाइपाखाली मोठा हातोडा दोन्ही हातांनी तोलून धरायचा होता. हात वर करून असं फार वेळ उभं राहता येत नाही. खालच्यानं ‘मार’ म्हटलं की वरच्यानं तेव्हाच मारायला हवं. आणि इथं तर ‘मार’ आधी माझ्याकडं येणार, मग आबांकडं जाणार.

“मार म्हणावं.”

“आबा, मार.”

तोवर मामांचे हात खाली आलेले असायचे.

“धर म्हणावं नीट!”

“मामा, नीट धरा.”

“धरलंय म्हणावं, मगाशीच!”

असं पाच-सहा वेळा झालं. पुढच्या खेपेला मी ‘आबा, मार’ म्हणाले, आबांनी हातोडा उचलला, आणि खाली मामांचे हात भरून आले. “शैले,” ते धापा टाकत पुटपुटले, “थांब म्हणावं जरा. हात बदलतो.”

मी ‘आबा, थांबा’ म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडावर एक हात आला. वेलदोड्याच्या चहाचा वास असलेला, सुरकुतलेला, चांगलाच दणकट हात. शिरोळकरबाई माझ्यामागं कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलंही नव्हतं.

वर आबांनी हातोडा हाणला. खाली पाइप सुटला आणि मामांच्या पायावर पडला.

“आयला हिंद्या! जीव घेतोस काय रं माझा?”

“लागलं काय दस्त्या?” आबा वरून ओरडले. त्यांचा आवाज चिरकला होता. “कुठं लागलं? बोल की रं!”

बाईंनी माझ्या तोंडावरचा हात काढून पदराला पुसला. आपण काय बोलून बसलो हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. आबा गाडीत हातोडा धरून तसेच थिजले होते. मी मनात म्हटलं, आता पुन्हा ‘त्या माणसाला सांग’ सुरू होणार.

“बुटावर पडला,” मामा खालून पुटपुटले. हे कुणाला उद्देशून होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

“बुटावर व्हय,” आबा गाडीच्या स्टिअरिंगला म्हणाले. आणि पुन्हा स्टिअरिंगलाच, “मी म्हटलं, हातावर पडला का काय. हात गेला तर लेथचं काय?”

“लेथचं तुला काय?” मामा उसळले. “भिंत घालालायस न्हवं?”

“मी घालालोय? तूच म्हणलास शैलीला, मधी आडोसा पायजे!”

“मी आडोसा म्हणलो! भिंत तू म्हणलास!”

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. आबांनी वरून, मामांनी खड्ड्याच्या फटीतून. मी बाईंकडं पाहिलं. बाई छताकडं पाहू लागल्या.

“आन् पिनीचं बी तुझं तेच,” आबा आता थेट खाली वाकून ओरडत होते. “म्हणं जाड तोंड खाली! मी वरनं ठोकली हुती रं! तू समोर हुतास! सळई बाकड्यावर ठिवली हुती, तूच धरली हुतीस!”

“बाकड्यावर ठिवली हुती,” मामा म्हणाले आणि त्यांनी आपला तळहात एकदा पालथा, एकदा सुलटा करून पाहिला.

“व्हय. बाकड्यावर.”

“हिंद्या.”

“काय?”

“बाकड्यावर पालथी ठिवली हुती. गिअरबॉक्स भाईर काढलावता. पालथी ठोकली आन् मग सुलटी करून गाडीत बसवली. तुझं वर ते माझं खाली झालं.”

आबांनी हातोडा खाली ठेवला. मग ते असे हसले की गाडी हलली. खड्ड्यातूनही हसणं आलं, खोकल्यात मिसळलेलं. दोघंही खरे होते आणि सकाळपासून दोघंही एकमेकांना खोटं पाडत होते. मलाही हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. या वेळी मात्र कुठल्या बाजूला बसावं हा प्रश्न पडला नाही. मी होते तिथंच, खड्ड्याच्या काठावर, मनसोक्त रडून घेतलं.

“रडालीस काय?” आबा म्हणाले. “जा, गनमेटलचा नवा बुश काढ. तवर आमी पिन काढतो.”

“माप नीट घे,” मामा म्हणाले. “घाई करू नगंस.”

मी लेथ सुरू केली. बुश छोटाच, पण माप केसाइतकंही चुकून चालत नाही. लेथच्या घरघरीतही मागचं बोलणं कानावर येत होतं. “धरलास?” “धरला, मार.” ठण्! “हालली?” “न्हाई.” ठण्! मग मधेच फुटबॉल निघाला. आबा म्हणत होते, तुझा भाचा दोन पावलं पुढं होता. मामा म्हणत होते, एक पाऊल, आणि तेही बूट मोठा म्हणून. ठण्! मग कुणाच्या तरी लग्नातला तांबडा रस्सा निघाला. मग मामांच्या मधुमेहाचं निघालं. इतक्या महिन्यांत कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं साठा भरपूर होता. ठण्! “हालली?” “कुठली हालती!”

बुश झाला. मी तो पुसला, मापला, पुन्हा मापला. पिन अजून निघालेली नव्हती. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मला रिक्षा बघ गं एक. आज काही गाडी मिळत नाही.”

“मिळंल की. दोघं मिळून काढालेत न्हवं, आत्ता निघंल.”

बाईंनी गॉगल डोळ्यांवर घेतला. “तू लेथवरची ना? आवाज ऐक जरा.”

त्यांना रिक्षात बसवून आले आणि आवाज ऐकला. लेथवर काम करणाऱ्या माणसाला डोळे मिटूनही कळतं, हत्यार कशाला लागतंय ते. सकाळचा आवाज बद्द होता, सगळा मार सांध्यात जिरायचा. आताचा खणखणीत होता. हा आवाज पिनीचा नव्हता.

मी बुश हातात घेऊन खड्ड्यात उतरले. मामा हातोड्यावर हात ठेवून आरामात भिंतीला टेकून उभे होते. पाइपचा तुकडा त्यांच्या पायाशी पडला होता. वर सांध्यात पिनीच्या जागी भोक होतं, मोकळं. आणि पिन मामांच्या कानामागं होती, सुताराची पेन्सिल असावी तशी.

मी वर पाहिलं. उघड्या पत्र्यातून आबा दिसत होते. पिनीवर टेकवून मारायचा पंच त्यांच्या खिशाला अडकवलेला होता. मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून ते गाडीच्या नुसत्या लोखंडी चौकटीवर हातोडा मारत होते. ठण्!

“हालली काय रं दस्त्या?”

“अजून न्हाई हिंद्या. मार तू.”

आबांचे डोळे उघडले आणि त्यांची माझी नजरानजर झाली. ते ओशाळले, काच फोडताना सापडलेल्या पोरासारखे. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा हातोडा मारला. मामांनी कानामागची पिन काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ आपल्या काळ्या बोटांनी मिटवली.

“कुठं बोलू नगंस,” ते कुजबुजले.

तेवढ्यात दारात तुकाराम गवंडी आले. खांद्यावर थैली, हातात ओळंबा आणि तोंडात तंबाखू. “चला पावणं,” त्यांनी हाळी दिली, “भिंतीचं काम धरूया. गाडी बाजूला घ्या.”

“दस्तगीरला इचार,” आबा गाडीतून म्हणाले.

“हिंदुरावला इचार,” मामा खड्ड्यातून म्हणाले.

तुकारामकाकांनी रेघ बघितली, विटा बघितल्या, रेघेवर उभी असलेली गाडी बघितली. मग ते खड्ड्याच्या काठाशी आले आणि वाकून मला विचारू लागले. आमच्या शेडमध्ये काहीही विचारायचं झालं तर मलाच विचारायचं, हे एव्हाना सगळ्या उद्यमनगराला माहीत झालं होतं.

“पोरी, ह्यांचं काय चाललंय? गाडी कवा हलणार?”

“पिन निघाली की.”

“आन् पिन कवा निघंल?”

वरचा हातोडा थांबला. खाली मामा माझ्या मुठीकडं बघत होते. माझ्या मुठीतली पिन अजून कोमट होती. मी मूठ पाठीमागं नेली.

“काय सांगू काका,” मी म्हणाले, “लई घट्ट बसलीया.”